जवाईबापूची फुगवलेली नाव

बसा. चहा आधी पिऊन घ्या अन् कप खाली ठेवा, मंगच मी तोंड उघडते. मागच्या बारीले हाच किस्सा सांगतांनी शेजारच्या सुमनचा कप तिच्याच मांडीवर उलथला अन् बोल मले लागला. आता काही चूक नसतांनी मी बोल काऊन लावून घेऊ? जिथं चूक होती तिथलेच बोल मले जन्मभर पुरतीन.

मी धाडची म्हातारी. जन्मात पानी पाह्यलं ते विहिरीतलं, हंड्यातलं, नाई तं धरनाच्या भिंतीवरून लांबून. ते मी समुद्रात जाऊन आली. अन् कशात बसून? रबराच्या नावेत! हवा भरायची, फुगवायची, मागं मशीन लावायची अन् चालले. आपल्या टॅक्टरच्या ट्यूबमंधी अन् त्या नावेमंधी मले काही फरक दिसला नाई. घोटाळा झाला तो इथंच.

माह्या मोठ्या लेकाची पोरगी रुपा. पुन्याले दवाखान्यात नर्स होती, तिथंच तिनं स्वताले नवरा पाह्यला. पोरगा चांगला, बँकेत नोकरी, घरचे लोकं गोड. पन घर कुठं? कोकनात, समुद्राच्या काठावर. काठावर म्हंजे कसं, आपल्या ओट्यावरून जसा रस्ता दिसते तसा त्याईच्या ओट्यावरून समुद्र दिसते. लग्नाच्या पंगतीत आमच्या भावकीतला एक जन हात धुता धुता म्हनलाच, "पोरगी दिली का बुडवली?" लोकं हासले. मी नाई हासली.

मले पान्याचं भेव हाय. उगीच नाई. माहं माहेर पिंपळगाव राजाचं. तिथं माह्यासंगं खेळनारी एक पोरगी होती, गंगी. माह्यासारखीच काटकुळी, माह्यापेक्षा धीट. एका सकाळी पानी शेंदाले गेली अन् पाय घसरला. आम्ही धावत गेलो तवा तिची कळशी वर तरंगत होती. गंगी नव्हती. त्या दिवसापासून पान्याचा अन् माहा करार हाय, त्यानं माह्या हंड्यात यावं, मी त्याच्यात जानार नाई.

अन् हे आमची रुपा फोनवर काय दाखवते, तं चारी बाजूनं पानी, मधात एक फुगलेली गादी, त्या गादीवर रुपा बसेल अन् दात काहाडून हासून राह्यली. मागं जवाईबापू मशीनचा दांडा धरून. म्हने, "आजी, दर रविवारी जातो आम्ही." रातभर कळशी दिसे.

मंग मी बेत केला. आपन स्वता जायचं. नाव डोळ्यानं पाहायची, तिच्यातला दोष काहाडायचा, अन् रुपाचा हात माह्या डोक्यावर ठेवून तिच्याकडून शपथ घ्यायची का पुन्हा त्या नावेत पाय ठेवनार नाई. लेकाले म्हनलं, मले नातीची आठवन येऊन राह्यली. आठवन येतच होती, खोटं नव्हतं ते. लेकानं मले कोकनात नेऊन सोडलं अन् कपाशीचं काम होतं म्हनून थो माघारी आला.

जवाईबापूचं नाव नितीन. मी नावानं हाक मारत नाई, जवाई हाय, मान राखा लागते. ते पाया पडले, रुपाच्या सासूनं, आमच्या इहीनबाईनं, नारळाच्या दुधातलं काही तरी गोडधोड खाऊ घातलं, अन् दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच जवाईबापू म्हनले, "आजी, चला, माझी बोट बघायला."

मले हेच पायजे होतं.

किनाऱ्यावर त्याईनं एका थैलीतून गुंडाळेल रबर काहाडलं. राखाडी रंगाचं. आपल्या घरची ताडपत्री बरी, असं दिसत होतं. मंग पायानं दाबायचा एक पंप लावला अन् लागले दाबाले. ते रबर असं हळूहळू उठे, जशी म्हस झोपेतून उठते. पह्यले एक बाजू, मंग दुसरी, मंग तोंड. मी इचारलं, वेगळं वेगळं काऊन भरता? तं म्हने आत तीन खण आहेत, एक फुटला तरी दोन राहतात, बोट बुडत नाही. मी मनात म्हनलं, म्हंजे फुटते हे तं कबूल केलं.

आता मी दोष काहाडाले बसेल बाई. एकेक गोष्ट इचारू लागली, अन् जवाईबापू एकेकाचं उत्तर देऊ लागले. नारंगी जाकीट कशाले? पान्यात पडलं तं मानूस वर राह्यते. त्याले शिट्टी काऊन बांधली? लांबच्या नाववाल्याले ऐकू जाते. दोन वल्ही कशाले, मशीन हाय ना? मशीन बंद पडली तं हातानं मारत यायचं. मशीनपासून निघेल ही लाल गुंडाळीची दोरी कशाची? ते एक टोक त्याईच्या मनगटाले बांधायचं. चालवनारा पान्यात पडला तं दोरी निसटते अन् मशीन जागच्या जागी बंद, नाई तं रिकामी नाव पुढं निघून जाते अन् मानूस मागं राह्यते. फोन पन एका पिशवीत, पानी शिरू नये म्हनून गळ्यात. वरून इहीनबाईले सांगून ठेवलं का आम्ही खाडीच्या पल्याडच्या पुळनीवर, म्हंजे रेतीवर, जाऊन जेवायच्या आत माघारी येतो, नाई आलो तं काकाले फोन कर. काका म्हंजे त्याईचे सख्खे काका, मासेमारीची मोठी होडी हाय त्याईची.

मले रागच आला. दोषच सापडेना. एवढं जपून वागनारा मानूस आमच्या घरात एक नाई. माहा लेक तं टॅक्टरचं बिरेक लागत नाई तवा दगड लावते.

मंग जवाईबापूनं सगळं सामान नावेत मांडलं, पुन्हा एकदा हात लावून पाह्यलं, अन् पेट्रोलची लाल टाकी घेऊन गावात गेले. रुपा घरी गेली, पान्याच्या बाटल्या अन् माहा जेवनाचा डबा आनायले. जातांनी जवाईबापू मले म्हनले, आजी, तुम्ही इथंच सुरूच्या झाडाखाली बसा, बोटीकडे लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा म्हनले. मले!

बाई, मी लक्ष ठेवलं.

ऊन चढू लागलं. नाव रेतीत, सावली नाई. मी उठून जवळ गेली, हात लावला. तव्यासारखी तापेल. अन् तंग अशी, का बोटानं वाजवली तं ढोलासारखी वाजे. मी हात झटकन मागं घेतला.

तुम्हाले ठाऊक हाय ना आपल्या धाडचं ऊन? बसस्टँडजवळ रहीमभाईचं पंक्चरचं दुकान हाय. मी जीपची वाट पाहत तिथंच सावलीले बसते. एका उन्हाळ्यात त्याईनं फुगवून भिंतीले टेकवेल ट्यूब बसल्या जागी ठो झाली. मी बाकावरून खाली. जीपमंधल्या बायका किंचाळल्या. तवा रहीमभाईनं मले पानी पाजलं अन् म्हनले, "चाची, धूपकाले में टायर टाइट नाई ठेवायचा. थोडी हवा सोडून द्यायची. गाडी वाचते, मानूस वाचते." तवापासून आमच्या घरी मे महिन्यात सायकल असो का टॅक्टर असो, मी सांगितल्याशिवाय कोनी पुरी हवा भरत नाई.

अन् इथं माही एकुलती एक नात या तापेल ढोलावर बसनार होती.

सापडला दोष! पन जवाईबापूले तोंडावर कसं सांगावं? जवायाची चूक काहाडली असं होते. मी इचार केला, आपनच नीट करून ठेवावं, बोलायचं कामच नाई. झाकन पाह्यलं, फिरवलं, निघालं. आत एक खिटी होती, सायकलच्या ट्यूबले असते तशीच. अंगठ्यानं दाबली. फुस्स. काय समाधान वाटलं म्हनून सांगू! एका बाजूची सोडली, दुसऱ्या बाजूची सोडली, तोंडाची सोडली. अंगठा लावून पाहे, सोडे, पुन्हा पाहे. पुरनाच्या कनकीत जसं बोट रुतते तसं रुतलं तवा झाकनं लावली. मोठं काम केलं असं वाटलं.

तेवढ्यात रुपा डबा ठेवून गेली, बाटल्या घरीच राह्यल्या म्हनून पुन्हा पळाली. डबा म्हंजे आपला मोठा पितळी, धाडहून आनेल. भाकरी, ठेचा, शेंगदान्याची चटनी. परक्या ठिकानी जायचं अन् भाकरी नाई, हे मले जमत नाई. पन नावेत तो ठेवायले जागा कुठं? पुढच्या कोपऱ्यात एक थैली होती. उघडून पाह्यली, तं तोच पायाचा पंप. आता नाव फुगवून झाली, पंपाचं काय काम? चूल पेटली का फुंकनी बाजूले ठेवतो का नाई आपन? मी पंप काहाडला, झाडाखाली नेऊन ठेवला, जवाईबापूचा टावेल वरून झाकला, कोनी नेऊ नये म्हनून. अन् त्या जागी डबा. चपखल बसला.

जवाईबापू घाईनं आले. पानी ओसरून राह्यलं होतं, उशीर केला असता तं नाव लांबवर ओढत न्या लागली असती. त्याईनं इचारलं, सगळं आहे ना? मी म्हनलं, "सगळं हाय. मी स्वता पाह्यलं."

मंग मले जाकीट घातलं. नऊवारीवर नारंगी जाकीट! पदर डोक्यावर घ्यावा तं जाकिटाची कॉलर आडवी येई. जवायासमोर डोकं उघडं कसं ठेवावं? मी पदर काहाडून जाकिटावरून लपेटला. रुपा म्हने आजी, तू गनपतीच्या मखरातली दिसते. दिसू दे म्हनलं. बसली मी. आता तुम्ही म्हनान, तू तं शपथ घ्यायले गेली होती, बसली काऊन? अहो, नातीले एकटीले कसं जाऊ द्यावं? जे होईल ते दोघींचं होईल असं ठरवून बसली.

जवाईबापूनं मशीन चालू करायची दोरी हिसकली, मशीन गुरगुरली, अन् किनारा मागं सरकाले लागला.

आता हासू नका. मी डोळे मिटले. दोन्ही हातानं बाजूची दोरी धरली अन् नाव घेतलं. कोनत्या देवाचं घेतलं ते इचारू नका, जे आठवले ते सगळे घेतले. आमच्या कुळाचे घेतले, माहेरचे घेतले, रहीमभाईच्या दर्ग्यावालेही घेतले. खाली पानी असं नावेच्या तळाच्या फळीले धपाधप लागे, अन् प्रत्येक धपक्याले माहं काळीज नरड्यात ये. पान्याचा वास नाकात. खारा. मले वाटे, गंगीले शेवटी कसा वास आला असंल?

खाडीचं तोंड मागं पडलं. लाटा मोठ्या झाल्या. अन् मले वाटलं का माह्या बुडाखालची जमीन हालून राह्यली. समुद्रात जमीन नसते, हे मलेही समजते, पन फळ्या होत्या ना? त्या फळ्या सापासारख्या वळवळ कराले लागल्या. मी एक डोळा उघडला. नावेचं तोंड वर उठेल, मागचा भाग खाली, अन् मधातून नाव अशी दुमडली जशी आपन भाकरी दुमडून हातात घेतो. ती दुमड आली का बाजूनं पान्याचा एक लोंढा सरळ माह्या मांडीवर.

जवाईबापूनं मशीन एकदम हळू केली. हात लावून नाव दाबली. त्याईचं तोंड मी पाह्यलं, अन् मी पुन्हा डोळे मिटले नाई. कारन की त्याईचा रंग गेला होता.

"रुपा, हवा जातेय," ते म्हनले. "खडकाला लागली असणार. भोक बघ, कुठे बुडबुडे येतात का."

रुपा वाकून वाकून पाहे, पानी मारून मारून पाहे. बुडबुडा कुठंच नाई. जवाईबापूनं गळ्यातल्या फोनवरून काकाले लावला, सांगितलं कुठं हाये ते. मंग हळूच रुपाले म्हनले, मले ऐकू नये म्हनून, पन म्हाताऱ्या मानसाले जे ऐकू नये तेच ऐकू येते, "भोक मोठं असेल तर काका येईपर्यंत टिकणार नाही. तू आजींचा हात धर. सोडायचा नाही."

रुपानं माहा हात धरला. मले कळशी दिसली. देवा शपथ सांगते, त्या निळ्या पान्यावर मले पितळी कळशी तरंगतांनी दिसली. मी म्हनलं, देवा, मले ने. म्हातारी हाय, माहं झालं. पोरीले कायले?

"तीनही खणांची हवा एकदम कशी जाईल?" जवाईबापू स्वताशीच बोलून राह्यले होते. "भोक एका ठिकाणी पडेल, तीन ठिकाणी कसं पडेल? हवा गेली कुठे?"

हवा हा शब्द आता कुठं माह्या कानातून डोक्यात उतरला. मी म्हनलं, हात्तिच्या, हे इचारून राह्यले का!

"हवा? हवा तं मीच सोडली."

दोघंही माह्याकडं पाहून राह्यले.

"उन्हात तंग झाली होती," मी समजावून सांगितलं. "फुटली असती. मी तिन्हीकडची थोडी थोडी सोडली. टायर टाइट ठेवायचा नसते उन्हात."

जवाईबापूनं डोळे मिटले. माह्यासारखंच देवाचं नाव घेऊन राह्यले का काय, असं वाटलं. मंग त्याईनं मोठा श्वास सोडला अन् हासले. खरंच हासले. म्हनले, "म्हणजे भोक नाही! रुपा, भोक नाही! उन्हात गरम होती म्हणून ताठ वाटली, थंड पाण्यात आल्यावर आकसली. चूक माझीही, पाण्यात घातल्यावर दाबून बघायला हवी होती. काही हरकत नाही आजी. आता भरू. रुपा, पंप दे."

रुपानं पुढच्या कोपऱ्यात हात घातला. माहा पितळी डबा वर काहाडला.

मी पदर सारखा केला.

"आजी," रुपा एकेक शब्द मोजून म्हनली, "पंप कुठं हाय?"

"झाडाखाली," मी म्हनलं. "टावेल झाकून ठेवला. कोनी नेनार नाई."

आता जवाईबापू हासले नाई.

एक लाट आली, अजून पानी आत. नाव पुन्हा दुमडली. भोक नसलं तरी ढिल्या नावेत पानी शिरूनही बुडता येते, हे मले कोनी सांगाची गरज नव्हती. माह्या मनाले इतकं लागलं, का ह्या पोराईचा जीव मी माह्या हातानं घालवला. मी म्हनलं, आपनच बिघडवलं, आपनच नीट कराचं. जन्मभर फुंकनीनं चूल पेटवली म्या, कपाशीच्या ओल्या पऱ्हाटीतून जाळ काहाडला. एका नावेत हवा भरता येनार नाई?

जवाईबापू मशीन सांभाळून राह्यले होते, रुपा वल्ह्यानं नावेचं तोंड लाटेकडं ठेवून राह्यली होती. कोनाचंच माह्याकडं लक्ष नव्हतं. मी पुढचं झाकन काहाडलं, खिटी दाबून धरली, तोंड लावलं, अन् छातीत होता नव्हता तेवढा दम घेऊन फुंकलं.

बाई, काय सांगू! मी एकदा फुंकलं, अन् समोरून असा वारा आला का माहे गाल फुगले, डोळे बाहेर आले, नाकातून हवा निघाली. रबराचा वास पार टाळूपर्यंत. मी नावेत हवा भरत नव्हती, नाव माह्यात हवा भरून राह्यली होती! खिटी दाबल्यावर हवा बाहेर येते, हे सकाळीच मी तीन बारी केलं होतं, पन भीतीत अक्कल राह्यते कुठं? अन् मी काही सोडनारी बाई नव्हे. पुन्हा दम घेतला, पुन्हा तोंड लावलं.

"आजी! सोड ते!" रुपा ओरडली.

सोडलं. पन तोवर नावेचं तोंड, जे इतका वेळ वर होतं, ते खाली मान घालून बसलं. जशी सून सासूपुढं.

आता पुढच्या बाजूनं पानी सरळ आत. जवाईबापूनं मशीन बंद केली, पुढं आले, झाकन लावलं, मले उचलून मधात बसवलं. जवायानं मले उचललं! पदराचं कोनाले भान होतं? म्हनले, "आजी, इथून हलायचं नाही. कशालाच हात लावायचा नाही. फक्त पाणी उपसायचं."

उपसाचं कशानं? नावेतला उपसायचा डबा लाटेसंगं गेला होता. रुपानं माहा पितळी डबा उघडला, आतल्या भाकरी, चटनी, ठेचा सगळं समुद्रात उलथलं अन् डबा माह्या हातात देला. पहाटे उठून वाटेल ठेचा! त्या दिवशी माश्याईले कसा ठसका लागला असंल, देव जाने.

पन मी उपसलं. विहिरीवर शेंदत होती तसं उपसलं. खांदे गेले, हात गेले, तोंडात खारं पानी, अन् तोंडानं एकच, रुपे, दोरी धर, रुपे, दोरी धर. रुपा अन् जवाईबापू दोन बाजूले वल्ही मारून राह्यले होते. लाट आली का तिघंही भिजो. मले तवा भेव वाटलं का नाई ते आठवत नाई. भ्यायले फुरसत पायजे.

मंग शिट्टीचा आवाज आला. म्हंजे शिट्टी रुपानंच वाजवली होती, जाकिटाची. अन् लांबून एक होडी. काका.

त्या होडीनं दोर टाकला, मले वर ओढलं, रुपाले ओढलं, अन् आमची मान टाकेल नाव मागं बांधली. होडीवर चार-पाच मानसं होते. काकानं इचारलं का झालं काय. तं माहे जवाईबापू, भिजेल कावळ्यासारखे दिसून राह्यले होते बिचारे, म्हनले, झाकण सैल राहिलं होतं, माझ्याच हातून.

पाह्यलं? माही लाज राखाले त्या पोरानं सगळ्याईसमोर चूक अंगावर घेतली. अन् काका त्याले बोलाले लागले, म्हने इतकी वर्षं पाण्यात राहून हेच शिकलास, आणि म्हाताऱ्या माणसाला बसवतोस?

मले हे पटलं नाई. माह्या जवायाले माह्यासमोर बोल? मी पदर डोक्यावर घेतला अन् म्हनलं, त्याईची काही चूक नाई, हवा मी सोडली, पंप मी काहाडला, अन् राह्यलेली हवा मी पिली. मंग सगळं सांगितलं, पह्यल्यापासून. टायरचं, रहीमभाईचं, टावेलाचं. होडी चालवनाऱ्या बाप्यानं सुकानू सोडून पोट धरलं. होडी आपली गोल फिरून राह्यली, अन् मागं बांधेल आमची नावही गोल फिरून राह्यली.

किनाऱ्यावर इहीनबाई टावेल घेऊन उभ्या. कोनता टावेल? तोच, पंपावरचा. म्हने हा पंप इथे कोणी ठेवला?

मी घरी गेली, पन जाकीट काहाडलं नाई. रुपानं ओढलं तरी काहाडलं नाई. दुपारी जाकीट घालूनच झोपली, अन् उठल्यावर आठवलं का आपन इथं आलो कशाले होतो. रुपाले जवळ बोलावलं. म्हनलं, पोरी, माह्या डोक्यावर हात ठेव, शपथ घ्यायची हाय.

रुपानं ठेवला बरं हात. पन मी बोलायच्या आधी तीच म्हनली, "म्हन आजी. मी हवेच्या कोनत्याच वस्तूले हात लावनार नाई. टायर, ट्यूब, नाव, फुगा."

मी शपथ घेतली. काय करता?

आता मी धाडले हाय, ओट्यावर. रहीमभाईले सांगितलं तं ते म्हनले, चाची, मैं टायर का बोला था, नाव का नाई. अन् तवापासून माहा बाक हवेच्या मशीनपासून लांब ठेवतात.

पन माहे जवाईबापू! असा जवाई नशिबानं भेटते. एवढं सगळं होऊन मनात राग नाई. दर रविवारी सकाळी, न चुकता, मले फोन. "आजी, कशा आहात? कुठे आहात?" मी म्हनते, "कुठं राह्यनार बापू, धाडले, ओट्यावर बसेल हाय." ते म्हनते, "नक्की ना?" मी म्हनते, "हाव." मंग म्हनते, "बरं आजी, ठेवतो." इतकं बरं वाटे मले. साऱ्या गल्लीले सांगत होती मी, का पोटचे लेकं इचारत नाई अन् नातजवाई दर रविवारी इचारते. सुमनच्या घरी तं यावरून भांडनही झालं, तिच्या जवायाचा फोन येत नाई म्हनून.

मागच्या आठवड्यात रुपा आली होती. तिच्यासमोर मी जवाईबापूचे गुन गाऊन राह्यली होती. ती आधी ऐकत राह्यली, मंग पदर तोंडात कोंबून हासाले लागली.

म्हनली, "आजी, तुहे जवाईबापू नाव पान्यात घालायच्या आधी सगळं पाहून घेते ना? जाकिटं, वल्ही, पेट्रोल, पंप. अन् सगळ्यात शेवटी तुले फोन लावते. तू धाडलेच हाय, हे पक्कं झाल्याशिवाय थे मशीनची दोरी ओढत नाई."